पाण्याचं नेटवर्क: नळ सगळे बंद, तरी रात्रभर पंप चालू-बंद (कोल्हापूर)

राजारामपुरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नेटवर्कमध्ये काम करतो. दिवसभर राउटर, स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी यंत्रं) आणि केबल. सध्या घरी एक बिघाड झालाय, तो कामाच्याच पद्धतीनं मांडतो, कारण त्या पद्धतीवर माझा पक्का विश्वास आहे.

आधी टोपॉलॉजी, म्हणजे कशाला काय जोडलंय ते. राजारामपुरीत आमचं घर, तळमजला आणि वर एक मजला. गच्चीत उंच स्टँडवर १००० लिटरची टाकी, तिच्या खाली २०० लिटरचं सोलर. टाकीला दोन आउटलेट. एक सोलरकडे जातं आणि तिथून गरम पाण्याची लाईन खाली उतरते. दुसरं थंड पाण्याचं. वरच्या मजल्यावर शॉवरला दाब नव्हता म्हणून फक्त थंडाच्या लाईनीवर प्रेशर पंप बसवून घेतला. नळ उघडला की दाब पडतो आणि पंप सुरू होतो, नळ बंद केला की दाब भरून थांबतो.

पंप बसल्यापासून रात्री सगळे झोपलेले असताना तो मधूनमधून घुर्रकन सुरू होतो, थोडा चालतो, थांबतो, परत सुरू. म्हणजे वापरणारा कुणी नाही आणि लाईनवर ट्रॅफिक मात्र आहे. सकाळी सोलरचं पाणी कोमट. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे थंड पाण्याची टाकीसुद्धा कोमट! हे कुठल्या लेयरचं, म्हणजे कुठल्या पातळीवरचं दुखणं आहे?

उद्यमनगरी

दादा, पहिला संशय गळतीवर. नळ बंद असताना पंप सुरू होतो म्हणजे कुठूनतरी दाब उतरतोय. सगळ्यात लबाड जागा म्हणजे फ्लश टँक. आतला रबरी वॉशर खराब झाला की पाणी भांड्याच्या कडेनं आवाज न करता जात राहतं. टाकीत खाण्याचा रंग चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर चोर सापडला. तुमच्या भाषेत हे पॅकेटवर (माहितीच्या तुकड्यावर) खूण करून ते कुठं निघतंय ते पाहणं.

थेंबाथेंबाला कमी लेखू नका. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी जातं.

राजारामपुरीकर

रंग टाकून पाहिला, भांडं स्वच्छ. मग थेट पॅकेट लॉसच, म्हणजे वाटेत किती हरवतं तेच, मोजायचं ठरवलं. रात्री महापालिकेच्या पाण्याचा कॉक बंद केला, टाकीत पाण्याच्या रेषेवर खूण केली, सकाळी कुणी नळाला हात लावायच्या आत पाहिली. रेष जागच्या जागी! पंप रात्रभर चालू-बंद होत होता आणि पाणी एक बोटभरही कमी झालं नाही.

म्हणजे गळती नाही. लॉस शून्य, ट्रॅफिक भरपूर.

मंगळवार पेठेतली मावशी

बाळा, मला नेटवर्कमधलं काही कळत नाही, पण माझ्या लेकीच्या घरी बेसिनच्या थंड नळाला गरम पाणी यायचं. सकाळी एकाच वेळी तीन ठिकाणी नळ सोडले की हमखास. सोलरवाला आला, म्हणाला सोलर चांगलं आहे. नळवाला आला, म्हणाला नळ चांगला आहे. दोघांनी पैसे घेतले. शेवटी तिच्या दिरानं बाथरूममधला मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ, पिरगाळून घट्ट बंद केला आणि थांबलं. तुझ्याकडे मिक्सर आहे का बघ.

टीसीपी_तात्या

मावशींनी फार मोलाची गोष्ट सांगितली आहे, ती धरून ठेवा. मी थोडं अवांतर लिहितो, पण विषयाला जोडूनच.

बॉल कॉक पाहिलात ना? टाकी भरत आली की तरंगणारा गोळा वर येतो आणि पाणी हळूहळू कमी करत शेवटी बंद करतो. टीसीपीत, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवायच्या नियमांत, अगदी हेच चालतं. घेणारं यंत्र पाठवणाऱ्याला सतत कळवत असतं की माझ्याकडे एवढीच जागा उरली आहे. जागा संपली की शून्य कळवतं आणि पाठवणारा थांबतो. घरात ते काम पितळी दांडी आणि प्लॅस्टिकचा गोळा करतात, विजेशिवाय.

पण घेणाऱ्याची जागा वेगळी आणि वाटेवरची गर्दी वेगळी. १९८६ च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली लॅब आणि तिथून हाकेच्या अंतरावरचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. लाईन तुटलेली नव्हती. उत्तर वेळेत आलं नाही म्हणून प्रत्येक यंत्र तेच पॅकेट पुन्हा पाठवत होतं आणि गर्दीत भर घालत होतं. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात उपाय मांडला: सुरुवात हळू करा, गर्दी दिसली की स्वतःहून मागे या.

आता आपल्या गल्लीत पाणी सुटायची वेळ डोळ्यांसमोर आणा. दाब कमी वाटला की एक घर नळाच्या लाईनीलाच मोटर लावतं. शेजाऱ्याचं पाणी आटतं, तोही लावतो. मग तिसरा. मागे यायला कुणीच तयार नाही. लाईनीच्या शेवटी राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला बादलीभरही मिळत नाही.

पंचगंगाकाठ

तात्या, मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून यावर कळकळीनं लिहितो. लाईनीला थेट मोटर लावल्यानं शेजाऱ्याचं पाणी तुटतं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा जास्त वाईट आहे. मोटर ओढायला लागली की पाईपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जाऊ शकतो. जमिनीखाली पाईपाला कुठंतरी बारीक चीर असते, सांधा सैल असतो, शेजारून गटार वाहत असतं. एरवी दाबामुळे त्या चिरेतून पाणी बाहेर झिरपतं. दाब उलटा झाला की बाहेरचं आत येतं. कावीळ, जुलाब, टायफॉईड गल्लीत शिरायची ही उघडी वाट आहे. नेटवर्कवाल्यांनी याला फायरवॉल फुटली म्हणावं. जमिनीखाली हौद बांधा, पाणी आपल्या दाबानं त्यात पडू द्या आणि मोटर हौदावर लावा. हवी तेवढी ओढा, मग कुणाचं बिघडत नाही.

बॉल कॉकचा विषय निघालाच आहे तर राधानगरीची आठवण काढलीच पाहिजे. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर आलं की ते पाण्याच्याच दाबानं उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. पावसाळ्यात ‘राधानगरीचे इतके दरवाजे उघडले’ ही बातमी येते तेव्हा आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे बघायला लागतो. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. मॉनिटरिंगमध्ये पिवळा आणि लाल दिवा ठेवतात तो याचसाठी. पेठेतली पोरंसुद्धा हे आकडे तोंडपाठ सांगतात.

राउटर_रंकाळा

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला ही तुलना पटत नाही. पॅकेटवर पत्ता असतो, म्हणून राउटरला ते कुठं पाठवायचं ते कळतं. पाण्याच्या थेंबावर पत्ता कुठं असतो? आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवता येतं, सांडलेलं पाणी नाही. मग तुम्ही सगळे नेटवर्कचे शब्द कशाच्या जोरावर वापरताय?

राजारामपुरीकर

मित्रा, बरोबर बोललास, आणि याच आक्षेपातून मला वाट दिसली. पाण्याला पत्ता नाही, म्हणून त्याचं राउटिंग टेबल एका ओळीचं आहे: जास्त दाबाकडून कमी दाबाकडे. मालकानं कुठली लाईन गरम म्हणून टाकली आणि कुठली थंड म्हणून, याच्याशी पाण्याला घेणंदेणं नाही. दोन लाईनी कुठंही एकमेकींना मिळाल्या की ज्या बाजूला दाब जास्त ती दुसरीत घुसणार. आपण स्विचवर दोन वेगळी नेटवर्कं ठेवतो आणि कुणीतरी चुकून मधे एक केबल जोडतो, तसं मिक्सर जोडत असेल का?

पंचगंगाकाठ काका, दाबाचा हिशेब तपासून द्याल का?

पंचगंगाकाठ

देतो. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार (बार हे दाबाचं माप). वरच्या मजल्यावरच्या मिक्सरपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत ५ मीटर धरले तर गरम बाजूला दाब अर्धा बार. पंप येण्यापूर्वी थंड बाजूलाही तेवढाच होता, दोन्ही पारडी सारखी. आता थंड बाजूला पंप आहे आणि असे घरगुती पंप दीड-दोन बारपर्यंत दाब भरतात. म्हणजे तिप्पट-चौपट. मिक्सरमध्ये वाट मोकळी असेल तर थंड पाणी गरम लाईनीतून उलटं चढून सोलरमध्ये जाणार.

मावशींच्या लेकीकडे उलटं घडत होतं. तिथं तीन नळ एकदम उघडले की थंड लाईनीतला दाब पडायचा, सोलरची बाजू वरचढ व्हायची आणि गरम पाणी थंडात यायचं. जोड तोच, दिशा उलटी.

टीसीपी_तात्या

थांबा थांबा! उलटं चढून सोलरमध्ये गेलेलं पाणी पुढं कुठं जाणार? सोलर तर भरलेलं. त्याला थंड पाणी देणारा पाईप टाकीतूनच येतो. म्हणजे टाकी, पंप, मिक्सर, सोलर आणि परत टाकी. मंडळी, हा लूप आहे! म्हणून पाणी कमी होत नाही, म्हणून टाकी कोमट होते.

स्विचमध्ये असाच लूप झाला की एक ब्रॉडकास्ट फ्रेम (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला माहितीचा तुकडा) गोल गोल फिरत राहते आणि सगळं नेटवर्क आडवं होतं. आयपी पॅकेटला निदान टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा, असतो. दर राउटरवर आकडा एकनं कमी होतो, शून्यावर पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेमला टीटीएल नाही. पाण्यालाही नाही. पंपाला वीज आहे तोवर ते फिरणार.

पाना_पक्कड

भावा, तात्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर हाय. मी वीस वर्षांवर हेच काम करतोय, सोलर आणि पंप एका घरात आले की हे दुखणं येतंच. तू कुठं कुठं शोधालायस? आधी हात लावून बघ. रात्री पंप वाजला की गच्चीत जा आणि सोलरच्या थंड इनलेटच्या पाईपाला हात लाव, टाकीच्या बाजूला. तिथं पाणी थंडच पायजे, कारण टाकीतलं थंड पाणी सोलरकडं जायचं तिथनं. गरम लागलं तर पाणी उलटं वाहतंय.

मग सोलरच्या गरम आउटलेटचा गेट व्हॉल्व्ह बंद कर. पंप गप्प बसला तर वाट सोलरमधनंच हाय. मग तो परत उघड आणि एकेका बाथरूमचा मिक्सर बघत जा. हँड शॉवर असंल तिथं आधी बघ. लोक दोन्ही नॉब उघडे ठेवतात आणि पाणी हातातल्या बटणानं बंद करतात. बाहेर पाणी येत न्हाई म्हणून वाटतं नळ बंद हाय. आत मात्र गरम आणि थंड गळ्यात गळा घालून बसलेलं असतं.

राजारामपुरीकर

पाना_पक्कड दादा, नाद खुळा!

इनलेटचा पाईप चटका बसावा इतका गरम होता. गेट व्हॉल्व्ह बंद केल्यावर पंप एकदम शांत. वरच्या बाथरूममध्ये नवा हँड शॉवर आहे, बटणाचा. दोन्ही नॉब उघडे होते. ते घट्ट बंद केले, गेट व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि रात्रभर पंपाचा आवाज आला नाही. सकाळी सोलरचं पाणी असं कडकडीत की आंघोळीला थंड मिसळावं लागलं.

लूप तोडायला एक वाट बंद करणं पुरतं. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री बसवलं ते याच तत्त्वावर: स्विचेसनी आपापसात ठरवून जास्तीची वाट बंद ठेवायची, म्हणजे लूप होतच नाही. घरात मात्र प्रत्येकाला दर वेळी नॉब बंद करायला सांगणं हा कायमचा उपाय नव्हे. पाहुणे येतात, लहान मुलं असतात. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून टाकू का?

उद्यमनगरी

एनआरव्ही बसवाच. एकाच दिशेनं वाट. मिक्सरच्या गरम फाट्यावर एक बसवला की काम झालं.

पाना_पक्कड

काम झालं न्हाई भावा, अर्धंच झालं. दोन गोष्टी नीट ऐक.

पहिली. सोलरच्या लाईनीला दाब अर्ध्या बारचा. स्प्रिंगचा एनआरव्ही बसवलास तर स्प्रिंग ढकलण्यातच त्यातला बराच दाब जाईल आणि गरम पाण्याची धार करंगळीएवढी येईल. तिथं झडपेचा, म्हणजे स्विंगचा घ्यायचा, आडव्या पाईपात, बाण पाण्याच्या दिशेला. गरम पाण्याला चालणारा पितळी. उलटा बसवलेला एनआरव्ही शोधायला अख्खा दिवस जातो.

दुसरी जास्त महत्त्वाची. एनआरव्हीनं उलटं जाणं थांबतं, पण दाबातला फरक तसाच राहतो. आंघोळीला दोन्ही नॉब उघडले की थंडाचा दाब गरमाची झडप दाबून धरणार. शॉवरमधनं नुसतं थंड पाणी. मग फोन येतो की दादा, तुम्ही व्हॉल्व्ह बसवला आणि गरम पाणीच बंद झालं. मिक्सरला दोन्हीकडनं सारखाच दाब पायजे.

राउटर_रंकाळा

मग पंप टाकीच्या आउटलेटवर, सोलरच्याही आधी बसवला तर? दोन्ही लाईनींना सारखा दाब मिळेल.

पाना_पक्कड

तसं कधीच करू नकोस. घरातलं साधं सोलर बिनदाबाचं असतं. त्याची टाकी पंपाच्या दाबासाठी केलेली नसते, आणि वरच्या व्हेंट पाईपातनं पाणी कारंज्यासारखं उडंल. आणि व्हेंट बंद करायचा विचारसुद्धा मनात आणू नका. पाणी तापून फुगतं, वाफ धरते, ती तिथनं जाते. टाकीतलं पाणी वेगानं उतरलं की हवा तिथनंच आत येते. व्हेंट बुजवला तर टाकी फुगते न्हाईतर आत चेपते. मी चेपलेली बघितलीय.

दोनच वाटा हायत. एक, सोलरच्या गरम आउटलेटवर गरम पाण्याला चालणारा वेगळा पंप. दुसरी स्वस्त: टाकीला तिसरं आउटलेट काढ, तिथनं बिनपंपाची थंड लाईन फक्त मिक्सरांना दे. पंपाची लाईन फ्लश, वॉशिंग मशीन आणि साध्या नळांना. जाड पाईप टाक, अर्ध्याऐवजी पाऊण इंची. तेवढ्याच दाबात पाणी अडीच-तीनपट येतं.

मंगळवार पेठेतली मावशी

आणि शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवून घास रे. निम्मा दाब त्या पांढऱ्या खरपानंच खाल्लेला असतो. माझ्याकडे बोअरचं पाणी आहे, मी महिन्याला घासते.

पंचगंगाकाठ

मावशींचा उपाय सगळ्यात आधी करावा, आणि नंतर बादली लावून मोजावं. २० लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळावर बघा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर. काहीही बदलायच्या आधी एकदा आणि बदलल्यावर एकदा. आमच्या नोकरीत आकडा लिहिल्याशिवाय पान्याला हात लावू देत नव्हतो.

राजारामपुरीकर, तुम्ही मिक्सरांना वेगळी लाईन देताय ते मला आणखी एका कारणानं आवडलं. वीज गेली की पंपावरची लाईन मेली, उंचावरच्या टाकीची चालू राहते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात बुडाली. सगळीकडे पाणीच पाणी आणि शहराला टँकरची वाट बघावी लागली. काळम्मावाडी धरणापासून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं, तेव्हा त्या पाण्यानं माझे डोळे भरून आले. ज्यांनी पुरात रांगेत घागरी धरल्या आहेत त्यांना दुसऱ्या वाटेची किंमत सांगावी लागत नाही.

राउटर_रंकाळा

पंचगंगाकाठ काका, आमच्या हॉस्टेलला नळ झटकन बंद केला की भिंतीत धाडकन आवाज येतो. तोही दाबाचाच प्रकार का?

पंचगंगाकाठ

हो, वॉटर हॅमर. वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा वेग दाबाच्या लाटेत बदलतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यासाठी झुकोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचं गणित बसवलं. लोखंडी पाईपात सेकंदाला १ मीटर वेगानं जाणारं पाणी क्षणात थांबवलं तर दाब १० बारच्या वर उसळतो. प्लॅस्टिकच्या पाईपात उसळी कमी, पण सांधे तिथेही सुटतात. नळ हळू बंद करा आणि सैल पाईपाला भिंतीत क्लॅम्प मारून घ्या.

राजारामपुरीकर

तिसरं आउटलेट काढलं. मिक्सरांना पाऊण इंची बिनपंपाची लाईन, गरम फाट्यावर स्विंगचा एनआरव्ही, शॉवरची जाळी घासलेली. मुद्दाम दोन्ही नॉब उघडे ठेवून आणि हातातलं बटण बंद करून रात्र काढली. पंप गप्प, टाकी थंड, सोलर गरम. बादली पूर्वीपेक्षा बऱ्यापैकी लवकर भरते.

एक शंका राहिली. नव्या लाईनीला सकाळी पहिल्यांदा नळ उघडला की फसफस हवा येते आणि मग पाणी. हे कशानं?

पाना_पक्कड

लाईन गच्चीवर कुठंतरी वर चढून परत खाली उतरली असणार. त्या उंचवट्यावर हवा साठते. पाईपाला टाकीपासून खालपर्यंत सारखा उतार दे. जमत न्हाई तर उंचवट्यावर टी बसवून टाकीच्या पाण्यापेक्षा उंच असा उघडा हवेचा पाईप काढ. आणि उन्हात उघडा असंल तर पाईपावर रंग मार, न्हाईतर दोन उन्हाळ्यांत तडकंल.